दर दहा मिनिटांनी एक

13 मार्च 2006, सोमवार. लंडनच्या वायव्येला नॉर्थविक पार्क नावाचं मोठं सरकारी हॉस्पिटल आहे. त्याच्याच आवारात पॅरेक्सेल या कंपनीचा औषध-चाचण्यांचा कक्ष होता. त्या सकाळी तिथे आठ तरुण होते. सगळे धडधाकट, कोणालाही कसला आजार नाही. मानधन सुमारे दोन हजार पौंड. आठांपैकी सहा जणांना खरं औषध मिळणार होतं आणि दोघांना औषध नसलेला नुसता द्रव. कोणाच्या वाट्याला काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

औषधाचं नाव टीजीएन 1412. त्या सकाळपर्यंत ते एकाही माणसाच्या शरीरात गेलेलं नव्हतं.

पुढच्या चोवीस तासांत जे घडलं ते इथे तासांच्या हिशेबाने मांडतो आहे आणि लंडनच्या वेळेशेजारी नाशिकच्या अंबडची वेळ लिहितो आहे. कारण आमच्या अंबडच्या घरात ल्युपस आहे, धाकट्या बहिणीला. या आजारात शरीराच्या रक्षणासाठी असलेल्या पेशी स्वतःच्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर उलटतात. त्यांना आवरणाऱ्या पेशीही शरीरात असतात, मग त्यांचं का चालत नाही, हा प्रश्न आम्हाला पुस्तकापुरता नाही. टीजीएन 1412 बनवलं गेलं ते नेमकं त्या आवरणाऱ्या पेशींना बळ देण्यासाठी.

1995 ते 2006

जपानच्या शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये उंदरांवर दाखवून दिलं की टी-पेशी या रक्षक पेशींमधला एक छोटा गट इतरांना आवर घालतो. तो काढून टाकला की उंदराचं शरीर स्वतःवरच उठतं. परत दिला की शांत होतं. या त्या नियामक टी-पेशी. 2001 मध्ये अमेरिकेत मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी एका रोगट उंदराच्या वंशात फॉक्सपी3 हे जनुक बिघडलेलं असल्याचं शोधलं. तेच जनुक बिघडलं तर लहान मुलांनाही जिवावरचा स्वप्रतिकार आजार होतो, हेही पुढे आलं. दोन वर्षांनी साकागुचींनी दोन्ही टोकं जोडली: नियामक पेशी घडते ती फॉक्सपी3मुळे. या तिघांना 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्याच काळात जर्मनीत, वुर्झबुर्ग विद्यापीठात थॉमस ह्युनिग वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले होते. टी-पेशीला कामाला लागायचं तर एरवी दोन इशारे लागतात. पहिला समोरच्या शत्रूची ओळख पटल्याचा, दुसरा सीडी28 या पेशीवरच्या रेणूकडून येणारा दुजोरा. ह्युनिग यांच्या हाती अशी प्रतिपिंडं लागली की जी पहिल्या इशाऱ्याची वाटच पाहत नाहीत. सीडी28ला ती अशी धरतात की पेशी थेट जागी होते. उंदीरवर्गातल्या प्राण्यांना हे दिलं तेव्हा सर्वांत जास्त वाढल्या त्या नियामक पेशी, आणि सांधे सुजलेली जनावरं सुधारली.

यातून टेजेनेरो ही छोटी कंपनी उभी राहिली. डोळ्यासमोर आजार होते रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि एका प्रकारचा रक्ताचा कर्करोग. माणसासाठी तयार केलेलं औषध माकडांना दिलं. किलोमागे 50 मिलिग्रॅमपर्यंत गेले तरी माकडांना काही झालं नाही. मग माणसासाठी मात्रा ठरली किलोमागे 0.1 मिलिग्रॅम. माकडांनी सहज पचवलेल्या मात्रेचा पाचशेवा भाग.

परवानगी रीतसर मिळाली. कागदावर हिशेब चोख होता.

सकाळी 8.00 (अंबड: दुपारी 1.30)

पहिल्या तरुणाच्या शिरेत औषध गेलं. तीन ते सहा मिनिटांत पूर्ण. माकडांना ते याहून कितीतरी सावकाश दिलेलं होतं.

दहा मिनिटांनी दुसरा. पुढच्या दहा मिनिटांनी तिसरा.

हा घटनाक्रम मी जितक्या वेळा वाचला तितक्या वेळा इथेच अडकलो. जे औषध माणसाच्या अंगात कधीच गेलेलं नाही, ते पहिल्याच्या अंगात काय करतं हे बघायला दहा मिनिटं? डोकेदुखीची गोळीसुद्धा दहा मिनिटांत लागू पडत नाही. पहिल्याला देऊन दिवसभर थांबले असते, तर पुढचं सगळं एका माणसापुरतं राहिलं असतं.

अंबडमध्ये तेव्हा दुपारची वेळ. मार्चचं ऊन तापलेलं. ज्यांना ल्युपस आहे ते या उन्हाला घाबरतात आणि त्याला कारण आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीतल्या काही पेशी मरतात. सगळ्यांच्याच मरतात. मेलेल्या पेशीच्या आतला डीएनए, आरएनए बाहेर सांडण्याआधी तो उचलून नेणाऱ्या पेशी असतात. ल्युपसमध्ये ही उचल मंद पडते. सांडलेले तुकडे रेंगाळतात आणि काही पहारेकरी पेशींना ते विषाणूचे वाटतात. त्या इंटरफेरॉन सोडतात. इंटरफेरॉन म्हणजे विषाणू आल्याची दवंडी. ती ऐकून सगळी यंत्रणा सज्ज होते, आणि खरा विषाणू नसल्यामुळे ती थांबवायला कोणी येत नाही.

विषाणूचा आरएनए ओळखणारा एक रेणू आहे, टीएलआर7. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बायकांकडे एक्स दोन असतात आणि त्यांतला एक बराचसा बंद असला तरी हे जनुक काही पेशींत दोन्हीकडून चालू राहतं. ल्युपसचे दहांपैकी नऊ रुग्ण बायका असतात, त्यामागचं हे एक कारण. 2022 मध्ये एका लहान मुलीच्या ल्युपसमागे याच जनुकातला एकच बदल असल्याचं सिद्ध झालं. तिचा टीएलआर7 जरा जास्तच कान टवकारून होता.

माझी बहीण पाथर्डी फाट्याहून एमआयडीसीत स्कूटीवर जाते ती पूर्ण बाह्यांचा सनकोट, हातमोजे आणि डोक्याला घट्ट स्कार्फ बांधून. नाशकात सगळ्याच मुली अशा जातात, त्यामुळे तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. याचं तिला मोठं सुख आहे.

सकाळी 9.10 (अंबड: दुपारी 2.40)

आठव्याचं औषध देऊन झालं. पहिल्याचा पहिला तास नुकताच उलटला होता.

सुमारे 9 ते 10.30 (अंबड: 2.30 ते 4)

डोकं दुखायला लागलं. औषध गेल्यापासून 50 ते 90 मिनिटांत सहाही जणांना. साधं दुखणं नव्हे, कपाळ फुटेल असं. पाठोपाठ कंबर मोडून येणं, हुडहुडी, मळमळ, उलट्या, जुलाब. अंग लालबुंद झालं. काही जणांची शुद्ध हरपू लागली, बोलण्यात असंबद्धता आली. ज्या दोघांना नुसता द्रव मिळाला होता ते शेजारच्या पलंगांवरून हे पाहत होते.

रक्तात काय चाललं होतं ते नंतर साठवलेल्या नमुन्यांतून कळलं. टीएनएफ-अल्फा हा दाह पेटवणारा रेणू पहिल्या तासातच उसळला होता. मागोमाग इतर आले: इंटरल्युकिन-2, इंटरल्युकिन-6, इंटरफेरॉन-गॅमा. यात इंटरल्युकिन-10 हा आवर घालणारा रेणूसुद्धा होता. तो आला, पण बाकीच्यांच्या लोंढ्यात त्याचं काही चालेना.

अंबडला ही पहिली पाळी सुटण्याची वेळ. गरवारे पॉइंटला रिक्षांची गर्दी, कंपन्यांच्या बस, दुसऱ्या पाळीचे लोक आत चाललेले. इथे ग्लॅक्सोस्मिथक्लाइनचा कारखाना आहे. 'ग्लॅक्सोत आहे' एवढं सांगितलं की अंबडमध्ये पुढचं विचारत नाहीत. याच कंपनीच्या नावावर ल्युपसचं बेलिमुमॅब हे औषध आहे. अमेरिकेत त्याला 2011 मध्ये मान्यता मिळाली आणि ल्युपससाठी पन्नासहून अधिक वर्षांत मान्य झालेलं ते पहिलं नवं औषध. ते अंबडला बनत नाही. ते बी-पेशींना जगवणारा एक रेणू अडवतं, आणि स्वतःवर उठलेली प्रतिपिंडं तयार करण्याचं काम याच बी-पेशींच्या वंशाचं. पन्नास वर्षांचा तो खंड पाहिला की 2006 मध्ये टेजेनेरोसारख्या कंपन्यांना नियामक पेशींची एवढी घाई का झाली होती, ते समजतं. घाई समजली म्हणून दहा मिनिटं माफ होत नाहीत.

दुपारी 12 ते 1 (अंबड: संध्याकाळी 5.30 ते 6.30)

औषधानंतरचे चार तास. रक्तदाब कोसळू लागला, नाडी धावू लागली, ताप चढला. डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं, शिरेतून भराभर द्रव दिले, रक्तदाब टिकवणारी औषधं दिली. तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया आली तर जे करतात ते सगळं केलं. पण ही ॲलर्जी नव्हती. नियामक पेशींनी जो आवर घालायचा तो घातला जाण्याआधीच दुसऱ्याच पेशी जाग्या झाल्या होत्या.

कोणत्या, याचं उत्तर मिळायला वर्षं गेली. आपल्या शरीरात स्मरण-टी-पेशी असतात. लहानपणापासून झालेला प्रत्येक ताप, कांजिण्या, जखमा, यांची आठवण ठेवलेल्या पेशी. यातला एक गट अवयवांतच ठाण मांडून असतो आणि इशारा मिळताच हल्ला चढवतो. माणसात या पेशींवर सीडी28 असतं. चाचणीतल्या माकडांच्या याच पेशींवर सीडी28 नसतं. म्हणजे माणसात जिथे धोका होता, तिथे माकडात औषधाला धरायला काही नव्हतंच. ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी हे 2010 मध्ये दाखवलं. प्रयोगशाळेतले उंदीर तर स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेले. ज्यांनी आजार बघितलेच नाहीत त्यांच्याकडे स्मरण-पेशी असणार किती? त्यांच्यात औषधाने आधी नियामक पेशी उठवल्या, त्यांनी बाकीच्यांना दाबलं, सगळं ठीक झालं. लंडनमधले सहा जण विशी-तिशीतले. त्यांच्या शरीरात आयुष्यभराच्या लढायांची फौज तयार उभी होती.

माणसाचं रक्त काचेच्या नळीत घेऊन या औषधाची परीक्षा आधी झाली होती आणि तीतही धोका दिसला नव्हता. त्याचाही उलगडा पुढे ह्युनिग यांच्याच प्रयोगशाळेने केला. रक्तात वाहणारी टी-पेशी काहीशी सुस्त असते. अवयवांत, शेजारच्या पेशींच्या दाटीत ती तयारीत असते. त्याच रक्तातल्या पेशी आधी दाट गर्दीत ठेवून मग औषध दिलं, तेव्हा नळीतही तसाच लोंढा आला.

मधला वेळ: ल्युपसचं घड्याळ

लंडनमध्ये जे चार तासांत झालं, ल्युपसमध्ये त्याला वर्षं लागतात. अमेरिकेच्या सैन्यात भरती झालेल्यांचं रक्त वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेलं असतं. त्यातल्या 130 जणांना पुढे ल्युपस झाला. संशोधकांनी त्यांचे जुने नमुने काढले आणि 2003 मध्ये निष्कर्ष छापला. 115 जणांच्या रक्तात निदानाच्या आधीच स्वतःवर उठलेली प्रतिपिंडं होती, काहींच्या तर नऊ वर्षं आधी. सुरुवातीला एखाददुसऱ्या प्रकारची, मग एकेक भर पडत जाणारी, आणि शेवटच्या काही महिन्यांत नवनव्या प्रकारांची झुंबड. त्या काळात ही माणसं कवायत करत होती, जेवत-झोपत होती, त्यांना काही जाणवत नव्हतं.

या वर्षांत आवर सैल कसा पडतो? इंटरल्युकिन-2 हा रेणू इथे कळीचा. लंडनच्या त्या रक्तात हाच उसळला होता. नियामक पेशी तो स्वतः बनवत नाहीत, पण त्याच्यावाचून त्या जगत नाहीत. दुसऱ्या टी-पेशींनी सोडलेल्या थेंबभर इंटरल्युकिन-2वर त्यांचं पोट चालतं. त्यांच्यावर तो पकडणारा हात फार संवेदनशील असतो, म्हणून थेंबही पुरतो. ल्युपसमध्ये टी-पेशी इंटरल्युकिन-2 कमी बनवतात. आवरणाऱ्यांची उपासमार होते. वरून इंटरफेरॉनची दवंडी चालूच. 2024 मध्ये शिकागोच्या जेहयुक चोई आणि बॉस्टनच्या दीपक राव यांच्या गटांनी आणखी एक दुवा दाखवला. वाढलेल्या इंटरफेरॉनमुळे टी-पेशीतली एएचआर नावाची एक कळ बंद पडते. ती बंद पडली की पेशी बी-पेशींना चिथावणाऱ्या प्रकाराकडे वळते. ल्युपस-रुग्णांच्या रक्तात या चिथावणाऱ्या पेशी जास्त आणि दुसऱ्या प्रकारच्या कमी का, ते यातून समजायला मदत झाली.

मग प्रतिपिंडं आणि डीएनएचे तुकडे एकमेकांना चिकटून गाळण्याच्या ठिकाणी, मूत्रपिंडात अडकतात. बहिणीला हे पहिल्यांदा दिसलं ते लघवीला येणाऱ्या फेसातून. प्रथिनं गळायला लागली की असा फेस येतो, पाणी ओतलं तरी लवकर विरत नाही. पुढे सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज. पावलावर बोट दाबलं की खळगा तसाच. वर्षांचं घड्याळ इथे एकदम दिवसांवर येतं.

त्या दिवसांत स्टेरॉइडच धावून येतं, हेही खरं. आईने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलीने आकडे लिहिले होते: 40, 40, 40, मग 30, मग 20, 15, 10. खाडाखोड भरपूर, कारण एकदा 15 वर आणलं की दुखणं उफाळायचं आणि पुन्हा 20. एकदम बंद करता येत नाही, कारण बाहेरून मिळतंय म्हणून शरीराने स्वतःचं बनवणं थांबवलेलं असतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही वजनावर मोजून, दिवसाला किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत, नाहीतर वर्षांनी डोळ्याचा पडदा जातो. आमच्या घरात औषधाच्या नावापेक्षा त्याच्या आकड्याबद्दल जास्त बोलणं होतं. म्हणूनच 'पाचशेवा भाग' हा आकडा मला इतका लागला. तो काळजीपूर्वक काढलेला होता, फक्त भलत्याच प्राण्यावरून.

रात्री 8 (अंबड: मंगळवार, रात्री 1.30)

बारा तास. एकाचा श्वास ढासळला. छातीच्या एक्स-रेत फुप्फुसांत पांढरे ढग दिसू लागले. त्याला अतिदक्षता विभागात हलवलं. तो चाचणीच्या कक्षापासून चार पावलांवर होता, हे सहाही जणांचं नशीब. गावाबाहेरच्या एखाद्या स्वतंत्र इमारतीत ही चाचणी झाली असती, तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

मध्यरात्र (अंबड: पहाटे 5.30)

सोळा तासांच्या आत सहाही जण अतिदक्षता विभागात. फुप्फुसं भरलेली, मूत्रपिंडं थांबलेली, रक्त नसांतल्या नसांत गोठतंय. डायलिसिस, ऑक्सिजन, मोठ्या मात्रेत मिथाइलप्रेडनिसोलोन. शिवाय इंटरल्युकिन-2 पकडणारा पेशीवरचा हात, म्हणजे त्याचा ग्राहक, अडवणारं एक प्रतिपिंडही दिलं. सकाळी टी-पेशींना जागं करणारं औषध दिलं, मग टी-पेशींनाच गप्प करणारं दुसरं. त्या सोळा तासांचं सार एवढंच.

मोठ्या मात्रेतलं मिथाइलप्रेडनिसोलोन म्हणजे ल्युपसने मूत्रपिंडांवर हल्ला केला की शिरेतून देतात तेच. बहिणीला तीन दिवस दिलं होतं. बाटलीतून थेंब पडताना ती मोजायची. वुर्झबुर्गची कल्पना कितीही नवी असो, सहा जणांचा जीव वाचवणाऱ्या औषधांत हे जुनं औषध होतं.

मंगळवार, सकाळी 8 (अंबड: दुपारी 1.30)

चोवीस तास झाले. रक्ताच्या तपासणीत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा, मोनोसाइटही. त्या मेल्या म्हणावं, की रक्त सोडून अवयवांत घुसल्या? बहुधा दोन्ही. ब्रिटनच्या औषध-नियंत्रकांनी चाचणी थांबवली. अंबडला संध्याकाळी होळी होती. चौकाचौकात लाकडं रचलेली असणार, आणि इथे कोणाच्या कानावर काही नव्हतं. नंतर वर्तमानपत्रांत बातमी आली ती सुजलेल्या चेहऱ्यांच्या वर्णनांची. औषध कशासाठी होतं हे तिच्यात कुठेतरी शेवटी.

पुढे

सहाही जण वाचले. चौघे तुलनेने लवकर सावरले. दोघांना 8 आणि 16 दिवस यंत्रांच्या आधारावर ठेवावं लागलं. एकाची पायाची बोटं आणि हाताच्या काही बोटांचे भाग गेले, रक्त पोहोचलं नाही म्हणून.

चौकशीत औषधात भेसळ सापडली नाही, ठरल्यापेक्षा जास्त मात्रा गेल्याचंही दिसलं नाही. याचा अर्थ भयंकर आहे: ठरलं होतं तसंच झालं. त्याच वर्षी टेजेनेरोने दिवाळं काढलं. सर गॉर्डन डफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि डिसेंबर 2006 मध्ये तिचा अहवाल आला. त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला मुद्दा असा. पेशीवरचे ग्राहक किती टक्के भरतील हा हिशेब आधी केला असता, तर 0.1 मिलिग्रॅमला सुमारे 90 टक्के सीडी28 पहिल्याच फटक्यात व्यापले जातील हे कागदावरच दिसलं असतं. माकडाला जास्तीत जास्त किती सोसतं, यावरून खाली यायचं नाही. माणसाच्या पेशीवर कमीत कमी किती मात्रेला काही घडायला लागतं, तिथून वर चढायचं. 2007 मध्ये युरोपच्या नियमावलीत हे आलं, आणि एकाला देऊन थांबायचं, मगच पुढच्याला, हेही आलं.

हजारावा भाग

औषध तिथेच मेलं नाही. रशियात त्याच प्रतिपिंडाला टॅब08 या नावाने निरोगी माणसांत पुन्हा उतरवलं गेलं आणि सुरुवात केली किलोमागे 0.1 मायक्रोग्रॅमने. 2006 च्या मात्रेचा हजारावा भाग, आणि तोही तासांवर ताणून सावकाश. हळूहळू वर नेलं तरी 7 मायक्रोग्रॅमच्या पुढे गेले नाहीत. 2014 मध्ये निष्कर्ष छापला गेला. दाह पेटवणारे रेणू उसळले नाहीत आणि आवर घालणारं इंटरल्युकिन-10 तेवढं वाढलं. म्हणजे वुर्झबुर्गचं म्हणणं मुळात खरं होतं. माणसातही नियामक पेशी आधी जाग्या होतात, पण इतक्या थोड्या मात्रेला की 2006 मध्ये ती कोणाच्या मनातही आली नसती. पुढे सांधेदुखीच्या आणि ल्युपसच्या रुग्णांतही त्याच्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या.

इंटरल्युकिन-2चीही गोष्ट हीच. कर्करोगासाठी ते किलोमागे सहा लाख युनिट, दर आठ तासांनी, असं देतात. साठ किलोच्या माणसाला एका वेळी साडेतीन कोटींहून जास्त. तेवढ्याने हल्लेखोर पेशी पेटतात, तेच हवं असतं. बीजिंगच्या डॉक्टरांनी ल्युपससाठी दिवसाआड फक्त दहा लाख युनिट दिले आणि 2016 मध्ये लिहिलं की उपाशी नियामक पेशी वाढल्या, रुग्णांना आराम पडला. 2020 मध्ये प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या मात्रेशी, तुलना करून छापलेल्या चाचणीत मुख्य निकषावरचा फरक मात्र काठावर राहिला, थोडक्यात हुकला. काम अजून पुरं व्हायचं आहे. पण तोच रेणू, तोच माणूस, आणि मात्रा बदलली की पेशींची बाजू बदलते. ल्युपसचा विचार करताना हे मला सर्वांत आशादायक वाटतं, आणि त्याच कारणाने सर्वांत जपून करण्याचं.

जर्मनीतल्या एर्लांगेनला तर 2021 मध्ये ल्युपस झालेल्या वीस वर्षांच्या एका मुलीच्या स्वतःच्या टी-पेशी बदलून तिच्याच बी-पेशी साफ केल्या गेल्या आणि आजार मागे हटला. तशाच धर्तीची, रक्ताच्या कर्करोगासाठीची उपचारपद्धती आयआयटी मुंबईतून निघालेल्या कंपनीने तयार केली. तिला 2023 मध्ये भारतात मान्यताही मिळाली. ल्युपससाठी असं काही उद्या मुंबई-पुण्यात सुरू झालं, तर पहिल्या रुग्णांत नाशिकच्या मुली असतील. या उपचारातही रेणूंचा तोच लोंढा येऊ शकतो. पण आता तो ओळखता येतो आणि इंटरल्युकिन-6 अडवून आवरताही येतो.

म्हणून अंबडच्या, सिडकोच्या, कुठल्याही ल्युपसच्या घराला हे सांगावंसं वाटतं. चाचणीला नाही म्हणू नका. आज बहिणीच्या गोळ्यांच्या डब्यात जे काही आहे ते कोणीतरी चाचणीला हो म्हटल्यामुळेच आहे. 2019 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं चाचणी करणाऱ्यावर बंधनकारक आहे. चाचणीची नोंद सरकारी नोंदणीत असावी लागते आणि ती कोणालाही पाहता येते. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणा, दोन दिवस ठेवा. आणि सही करण्याआधी दोन गोष्टी तोंडी विचारा: ही पहिली मात्रा कशावरून काढली, आणि माझ्या आधीच्या रुग्णाला ती देऊन किती दिवस झाले?